हिरवं उपटणारी बाई

इमारतीच्या पुढच्या बाजूला ऊन, वारा, रस्ता, येणारेजाणारे असं सगळं होतं. मागच्या बाजूला होती कुंपणाची उंच भिंत, वरून खाली आलेले सांडपाण्याचे पाइप आणि सावली. तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या कोणी घ्यायला तयार नव्हतं, त्या कात्रीकाकूंच्या नवऱ्यानं घेतल्या आणि काही वर्षांनी काकूंना त्या खोल्यांत मुलाबाळांसह सोडून तो देवाघरी गेला. स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर ओल्या काळ्या मातीची एक लांबट पट्टी दिसे. तिथे शेवाळ उगवे, आणि वरच्या मजल्यांवरून पडलेली बटाट्याची सालं कुजत.

त्यांना कात्रीकाकू म्हणायचं एक कारण असं की तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर त्यांची उमर गेली होती. दुसरं कारण त्यांच्याशी वाद घालायला गेलेल्याला आपोआप कळायचं. कारखान्यात बायका शिलाईला, बायका काज-बटणाला, आणि कात्री मात्र पुरुषांच्या हातात, असा शिरस्ता होता. काकूंनी तो कसा मोडला याच्या तीन वेगवेगळ्या कहाण्या आहेत आणि तिन्हींत शेवटी कटिंग मास्तर माफी मागतो, म्हणून आपण त्यातली कोणतीच धरायला नको. एवढं मात्र खरं की पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं की बाकीचे कारागीर एकाएकी भलतेच कामात गढून जात. साधं कापड कोणीही कापेल. पट्ट्यांच्या कापडात खिशावरचा पट्टा छातीवरच्या पट्ट्याला बरोबर भिडावा लागतो, खांद्यावर पुढचा नि मागचा एका रेषेत यावा लागतो, नाहीतर धडधाकट माणूस शर्ट घालून वाकडा दिसतो. ते कापड शेवटी काकूंच्या टेबलावर यायचं. यायला उशीर झाला तर त्या स्वतः जाऊन उचलून आणायच्या. ‘साध्या कापडाला माझी गरज नाही,’ असं म्हणायच्या.

डोळे अंधूक व्हायला लागले तशी मालकाच्या मुलानं गोड बोलून त्यांना घरी बसवलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकूंनी ते त्याच्याच टेबलावर ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. तिथे कचऱ्याच्या डब्याला टेकून शोरूममधली एक कुंडी पडली होती. अंगठ्याएवढे जाड दांडे, हातभर लांब पानं, आणि प्रत्येक पानावर हिरव्यातून गेलेले पिवळट पांढरे पट्टे, कुठे दोऱ्याएवढे, कुठे बोटभर, एक पान दुसऱ्यासारखं नाही. काचेतून येणाऱ्या दुपारच्या उन्हानं पांढरा भाग करपून तपकिरी झाला होता.

“हे फेकलंय ना?” काकूंनी रखवालदाराला विचारलं.

“हो.”

“आणि मला?”

रखवालदारानं कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली.

आता झाड म्हटलं की ऊन, एवढंच ज्ञान काकूंना होतं. त्यांनी कुंडी इमारतीच्या पुढे नेऊन ठेवली आणि पाणी घालत बसल्या. उरलेली पानंही करपली. शेवटी वैतागून त्यांनी ते झाड मुळासकट मागच्या पट्टीत टाकून दिलं. “मर मेल्या तिकडे,” असंही म्हणाल्या. ते मेलं नाही. जिथे गवतसुद्धा धड येत नव्हतं तिथे त्यानं एकामागून एक कोंब काढले, जमिनीखाली आल्यासारखे गड्डे धरले. भर दुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे, पण दार उघडलं की समोर ती पानं लख्ख दिसत. काकू दार उघडंच ठेवू लागल्या. गड्डे फोडून त्यांचे तुकडे त्यांनी भिंतीच्या कडेनं लावत नेले.

मग एका कोंबाला सगळी हिरवीगार पानं आली. जाडजूड कोंब, वाढायला घाई. काकूंना कोण आनंद झाला, बाळसं धरलेलं नातवंड दाखवावं तसा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. वर्षभरात त्यानं आजूबाजूच्या पट्टेवाल्यांना कोपऱ्यात रेटलं आणि अर्धा वाफा बळकावला. काकूंनी हात कपाळाला लावला, पण कारण शोधायचं सोडलं नाही. बघून बघून त्यांच्या ध्यानात आलं की पानाचा हिरवा भाग कामाचा, तो झाडाला पोसतो. पांढरा भाग नुसता दिसायला. म्हणून पट्टेवाला हळू वाढतो, हिरवा धावत सुटतो, आणि आपण मध्ये पडलो नाही तर हिरवाच उरतो. कधीकधी अख्खा पांढरा कोंबही यायचा, सगळ्यांत देखणा, आणि बघता बघता उपाशी मरायचा. त्याला काही इलाज नव्हता. हिरव्याला होता. हिरवा दिसला रे दिसला की काकू खुरपं घेऊन बसत आणि मुळासकट काढत.

“अहो काकू, चांगलं झाड उपटताय?” वरून कोणीतरी हटकून विचारायचं.

“ते कुठेही जगेल,” काकू मान वर न करता सांगायच्या. “त्याला माझी गरज नाही.”

सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र हे सगळंच खुपत होतं. हा गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, आणि सोसायटीचे पोटनियम त्याला तोंडपाठ. कोणी जिन्यात छत्री वाळत घातली तरी तो पोटनियम सांगे, त्यामुळे त्याचं नावच पोटनियम पडलं होतं. मागची पट्टी साफ करून तिथे फरश्या घालाव्यात आणि स्कूटर लावाव्यात असा त्याचा विचार होता.

“वहिनी, झाडं आजारी दिसतात हो तुमची,” तो काकूंना म्हणाला. “पांढरी पडलीत. रोग असेल. पसरला तर पुढच्या बागेचं काय?”

“साहेब, केस तुमचेही पांढरे झालेत,” काकू म्हणाल्या. “आम्ही फरशी घातली का?”

पोटनियमनं हा विषय पुढच्या बैठकीत घेतला. त्याच सुमारास काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, धूळ-माती वर्ज्य झाली, आणि लेकीनं हट्टानं त्यांना आपल्याकडे नेलं. जाताना काकू सुनेला म्हणाल्या, “पाणी घालत जा. बाकी कशाला हात लावू नकोस.”

सून औषधांच्या दुकानात काम करायची. समोर आलेल्या माणसाला काय होतंय ते विचारायचं आणि बरं होण्याचं काहीतरी त्याच्या हातात ठेवायचं, ही तिची दिवसभराची सवय. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, गूळपीठही नव्हतं. एकाच ओट्यावर दोघी आपापल्या पद्धतीनं कांदा चिरत आणि दुसरीच्या पद्धतीबद्दल मूग गिळून बसत.

फरश्यांचा विषय निघाला तेव्हा सुनेनं बैठकीत सांगितलं, “आईंची बाग आहे. त्या नसताना हात लावू देणार नाही.” असं ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलली होती. पोटनियम म्हणाला, रोगट झाडं म्हणजे बाग नव्हे. मग सुनेनं कंबर कसली. दुकानातून आल्यावर ती रोज वाफ्यात उतरू लागली. काकू हिरवंच का उपटतात हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पट्ट्यांची पानं दिसली की तिला रोगच दिसे. तिनं ती दांड्यासकट जमिनीलगत कापली. काकू नसल्यामुळे हिरवे कोंब तर मोकाट सुटलेच होते, त्यांतले तिनं फोडून मोकळ्या जागी लावले, खत घातलं, वरच्या बायकांनाही मदतीला बोलावलं. वाफा असा तरारला की पोटनियमसुद्धा येऊन उभा राहिला. बैठक झाली आणि ठराव झाला. पोटनियमनं तो आपल्या हातानं लिहिला: मागील बाजूस जिवंत बाग असल्याने ती मोडू नये.

काकू काळा चष्मा लावून परत आल्या तेव्हा त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मुलानं हात धरून त्यांना स्वयंपाकघरापर्यंत नेलं, सुनेनं दार उघडलं. वरच्या बायका जिन्यात येऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत काकूंना एवढं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, आणि दिसलं ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं.

“आवडलं, आई?” सुनेनं विचारलं.

काकूंना रडू येत होतं आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. तळपायाची आग मस्तकात गेली होती ती तिथेच थांबली.

मुलगा स्वभावानं मऊ, त्याला लगेच कळलं. संध्याकाळी तो आईजवळ बसून म्हणाला, “अगं, वाफा वाचला ना. हिरवा तर हिरवा. सगळे खूश आहेत. तुला नुसतं बघत बसायचंय.”

“कारखान्यातही हेच म्हणाले होते,” काकू म्हणाल्या. “नुसतं बसायचंय.”

रात्रभर त्यांनी विचार केला असं कोणी म्हणेल, पण विचार त्यांनी दारातच केला होता. हिरवं ठेवलं तर वाफा राहील, ठराव राहील, सून खूश, पोटनियम खूश, आणि त्या कचऱ्याजवळच्या कुंडीतलं झाड मातीखाली गुदमरून संपेल. सुनेनं पट्टेवाल्यांची पानं कापली होती, गड्डे तसेच होते. आता वरचं हिरवं निघालं तरच त्यांना डोकं वर काढायला जागा होती. सकाळी त्यांनी काळा चष्मा लावला, नाकातोंडावर रुमाल बांधला, डॉक्टरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि खुरपं घेऊन एका टोकाला बसल्या. कापलेल्या दांड्याचं बुंध्याशी राहिलेलं खोडूक दिसलं की बोटानं माती सारून बघायच्या. त्यावर पांढरी रेघ असली की ते तसंच ठेवायचं. बाकी सगळं काढायचं. जिन्यात एकेक करून बायका जमल्या. सून दुकानात जायला निघाली होती ती दारात थबकली.

“आई, हे काय करताय?”

“हिरवं काढतेय.”

“ती जगतायत, आई. किती छान जगतायत.”

“म्हणूनच,” काकू म्हणाल्या. “ती जगली की ही मरतात.”

“मी तुमच्यासाठी भांडले त्यांच्याशी,” सून म्हणाली. “सगळ्यांसमोर. आणि तुम्ही सगळ्यांसमोर उपटताय.”

काकूंचा हात थांबला नाही. थांबला असता तर पुढे काम झालं नसतं, हे त्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत वाफा उघडाबोडका झाला आणि भिंतीपाशी हिरव्या झाडांचा ढीग लागला. त्यांतली काही बायकांनी पुढच्या अंगणात लावायला नेली आणि ती तिथे मजेत जगली. सून त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलू लागली. तिची बाजू काकूंना समजत होती, पण कात्रीनं मलम लावता येत नाही, आणि काकू गप्प राहिल्या.

पोटनियमला आयती संधी मिळाली. वाळू आली, फरश्या आल्या, फरशीवाला गुडघ्याला फडकी बांधून आला. मागे पोटनियम, आणि त्याच्या मागे तमाशा बघायला निम्मी इमारत. काकूंनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून वाफ्याच्या मधोमध ठेवली होती आणि त्या तिच्यावर बसल्या होत्या.

“वहिनी, उठा आता.”

“ठराव काय म्हणतो, साहेब?”

“जिवंत बाग मोडू नये.”

“मग?”

“बाग कुठे आहे? ही नुसती माती आहे. तुम्हीच उपटलीत.”

“कोंब आलाय,” काकू म्हणाल्या.

कोंब आला नव्हता. काकूंना ते पक्कं माहीत होतं, कारण पहाटेपासून त्यांनी नव्या डोळ्यांनी इंच न् इंच तपासला होता. बोलून गेल्या आणि खुर्चीच्या पुढ्यातल्या मातीकडे बोट दाखवून बसल्या. आता मागे फिरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

सून दारातून पुढे आली. दुकानाचा पांढरा कोट तिच्या अंगात तसाच होता. ती बोट दाखवलेल्या जागी उकिडवी बसली आणि वाकून बघू लागली. मातीचं ढेकूळ होतं, वाळक्या पानाचा तुकडा होता, एक मुंगी होती. काकूंचा जीव टांगणीला लागला.

“आलाय की,” सून म्हणाली. “बारीक आहे अजून. कडेला पांढरी रेघ आहे बघा.”

पोटनियमनं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि कंबरेत वाकला. बराच वेळ वाकून राहिला. आता, जिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्या बाईला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, हे भरल्या लोकांत कबूल कोण करणार?

“हां,” तो शेवटी म्हणाला. “फार लहान आहे.”

“लहान आहे, पण जिवंत आहे,” काकू म्हणाल्या. “ठरावात माप लिहायचं राहिलं तुमचं.”

फरश्या तात्पुरत्या जिन्याखाली रचल्या गेल्या. पुढच्या बैठकीच्या दिवशी सगळी कमिटी खाली येऊन बघणार, तोवर कोंब सर्वांना दिसला पाहिजे, असं पोटनियमनं बजावलं.

त्या संध्याकाळी दोघी ओट्याशी उभ्या होत्या. “खोटं बोललीस,” काकू म्हणाल्या.

“सुरुवात तुम्ही केलीत.”

काकूंना हसू आलं, पण सून हसत नव्हती. मग काकूंनी कांदा चिरायचा थांबवला. “तू माझ्यासाठी उभी राहिलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. बोलायला हवं होतं. बोलले नाही. तेव्हा अंगाची नुसती आग झाली होती.”

“मला एकदा समजावलं असतंत तर मी स्वतः उपटलं असतं,” सून म्हणाली. “मी काय इतकी ढ आहे?”

काकूंनी मग तिला समजावलं, हिरवा का धावतो, पांढरा का मरतो, पट्टेवाल्याला सांभाळावं का लागतं. आपण कुंडी उन्हात भाजली होती तेही सांगितलं. सून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे तुमचाही एकदा असाच घोळ झालेला.” काकूंनी ते कबूल केलं, थोडं कुरकुरत.

माती मात्र काही केल्या बोलेना. दोघी सकाळी दार उघडून आधी वाफा बघत, मग चहा ठेवत. बैठकीचा दिवस उजाडला आणि त्या सकाळी भिंतीच्या कडेला खरंच एक कोंब वर आलेला होता, चांगला करंगळीएवढा, कोणालाही दिसेल असा. सुनेनं काकूंना हाक मारली. दोघी वाकल्या. पानाची सुरळी नुकती सैल होऊ लागली होती, आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवी होती. उपटताना एखादा तुकडा मातीत राहिला असणार.

आयुष्यात पहिल्यांदा काकूंना वाटलं, राहू दे. आजचा दिवस राहू दे, लोकांना बघून जाऊ दे, उद्या काढू. कोणाला काय कळणार आहे. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. “संध्याकाळपर्यंत ठेवावा का गं?”

सुनेनं आत जाऊन खुरपं आणलं, कोंबाच्या चहूबाजूंनी माती सैल केली, आणि तो मुळासकट उपटला. तुकडा राहू नये म्हणून बोटांनी माती चाचपली. मग हात धुऊन दुकानात गेली.

संध्याकाळी कमिटी आली. पोटनियमनं भिंतीला धरून इकडून तिकडे फेरी मारली. “कुठे आहे कोंब?”

“उपटला,” सून म्हणाली.

“उपटला? का?”

“हिरवा होता.”

पोटनियम म्हणाला की आता कोणतंही कारण चालणार नाही, फरशीवाला सकाळी येईल. फरशीवाला आलाही. खुर्ची वाफ्याच्या मधोमध होती, पण तिच्यावर काकू नव्हत्या, सून होती. दुकानात सांगून आली होती की उशीर होईल. “घाला फरश्या,” ती म्हणाली. “माझ्या पायांवरून घाला.” ती उठली की काकू बसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशी मुलगाही पायरीवर येऊन बसला, आणि फरशीवाल्यानं पोटनियमला स्वच्छ सांगितलं की बायका बसल्या असताना मी हात लावणार नाही, तुम्हाला घालायच्या तर तुम्ही घाला.

पट्टेवाला आला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी, खुर्चीच्या मागच्या पायाजवळ. सुरळीवर दोऱ्याएवढी पांढरी रेघ. त्याच्यामागून आणखी आले. आज मागचं दार उघडलं की भिंतीच्या कडेनं तेच दिसतात. फरश्यांचा ढीग अजून जिन्याखालीच आहे आणि संध्याकाळी सासू-सून त्याच्यावर बसून चहा पितात.

पोटनियम हल्ली पाहुण्यांना वाफा दाखवायला आणतो. परवा तो कोणालातरी सांगत होता की हा पहिला कोंब सगळ्यांत आधी त्यानंच ओळखला, वाकून पाहिला होता, तेव्हा जेमतेम दिसत होता.

“खरं आहे,” काकू ढिगावरून म्हणाल्या. “साहेबांनी पाहिला तेव्हा तो नव्हताच.”